खिळे, धूळ आणि मूठभर वाळू

तुमच्या घरातल्या एखाद्या खणात, जुन्या चार्जरच्या गुंत्याखाली, एक नोकिया ११०० अजूनही पडलेला असण्याची बरीच शक्यता आहे. २००३ साली आलेला हा फोन आपल्याकडे कितीतरी बाबा-काकांचा पहिला मोबाइल होता. लोडशेडिंगच्या काळात त्याच्या टॉर्चवर लोकांनी जेवणं उरकली. या फोनची आणखी दोन वैशिष्ट्यं होती. कीपॅडमधून आत धूळ जात नसे, आणि बाजूच्या खरखरीत कडांमुळे तो हातातून घसरत नसे.

धूळ आणि घसरणं. हा लेख या दोन गोष्टींचाच आहे, फक्त फोनचा नाही. ज्या गावावरून त्या फोनला नाव मिळालं, फिनलंडमधल्या त्याच नोकिया गावात, मोबाइलच्या किती तरी आधी, बर्फावर चालण्यासाठी खास टायर तयार झाला. त्या टायरची पुढे जगभर झालेली गोष्ट वाचताना एक प्रश्न सारखा समोर येतो: मी घसरू नये म्हणून मी जे काही करतो, त्याची किंमत कोण मोजतो?

आधी शब्दांचा एक घोटाळा निस्तरू. मराठीत आकाशातून भुरभुरत पडतो तोही बर्फ आणि फ्रीजमध्ये गोठतो तोही बर्फच. आपल्याला दोन शब्दांची कधी निकड पडली नाही. टायरला मात्र पडते, कारण या दोन पदार्थांवर त्याला दोन वेगळी कामं करावी लागतात. म्हणून या लेखापुरतं, भुसभुशीत पडतं त्याला हिम म्हणू आणि गोठून काच होतो त्याला बर्फ.

रबराची थंडी

रबर आणि थंडी यांचं पहिल्यापासून वाकडं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत रबराचे कोट, रबराचे बूट यांची हौस आली, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हा पदार्थ उन्हाळ्यात चिकट होतो आणि हिवाळ्यात लाकडासारखा ताठ. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये कच्चं रबर गंधकासोबत तापवण्याची युक्ती शोधली आणि ही अडचण बरीचशी सुटली. बरीचशी, पूर्ण नाही. रबराच्या लांबच लांब रेणूंची हालचाल थंडीत मंदावते आणि एका तापमानाखाली ते काचेसारखं वागू लागतं. हे तापमान प्रत्येक रबराचं वेगळं असतं, आणि त्याच्या किती तरी आधीच रबर कडक व्हायला लागतं. उन्हाळी टायर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली आपली पकड गमावू लागतो, असा ढोबळ हिशोब सांगतात. म्हणजे रस्त्यावर हिमाचा कणही नसला, तरी हेलसिंकीच्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडचा टायर निम्मा निकामी.

मोटारी नव्या होत्या तेव्हा मात्र कुणी रबराकडे बघितलं नाही. उपाय बाहेरून चढवला गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडने लोक चिखलात आणि हिमात टायरला दोर किंवा वेली गुंडाळतात हे पाहिलं आणि १९०४ मध्ये साखळ्यांचं पेटंट घेतलं. आज जानेवारीत मनालीच्या वर जाणारा टॅक्सीवाला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून चाकांना ज्या साखळ्या बांधतो, त्या त्याच कल्पनेच्या वंशातल्या. साखळी उत्तम पकडते, पण डांबर लागलं की खडखडते, तुटते, रस्ता खराब करते आणि गाडीला हळू चालायला लावते. शंभर किलोमीटरच्या प्रवासात दहा वेळा हिम आणि दहा वेळा मोकळा रस्ता लागत असेल, तर माणूस साखळी बांधण्या-सोडण्यातच गारठून जाईल.

दुसरी युक्ती आली ती टायरला चिरे पाडण्याची. जॉन साइप या अमेरिकन माणसाने १९२३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तो कत्तलखान्यात काम करायचा, ओल्या फरशीवर घसरून वैतागला आणि त्याने बुटाच्या तळव्याला सुरीने बारीक काप दिले, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी कोण जाणे, पण त्याचं नाव टिकलं. टायरवरच्या त्या केसाएवढ्या बारीक कापांना आजही जगभर ‘साइप’च म्हणतात. टायर वळतो, दाबला जातो, तेव्हा हे काप उघडतात, त्यांच्या असंख्य कडा पृष्ठभागाला धरतात आणि मधलं पाणी शोषून बाजूला नेतात.

सतराव्या शतकातले घोडेस्वार

फिनलंडची रबर कंपनी १८९८ मध्ये स्थापन झाली आणि १९०४ मध्ये तिने टाम्पेरेजवळच्या नोकिया गावात कारखाना हलवला. तिथे नदी होती, नदीवर वीज होती आणि शेजारी फ्रेडरिक इडेस्टामची कागद गिरणी होती. रबर कंपनी प्रामुख्याने बूट आणि गॅलॉश बनवायची. मोटारीचे टायर तिने १९३२ मध्ये सुरू केले.

त्या काळच्या फिनलंडमध्ये हिवाळ्यात गाडी चालवणं ही चैन नव्हती, नाइलाज होता. खाजगी गाड्या महिनोन् महिने बंद राहिल्या तरी चालत होतं, पण लाकूड, दूध आणि टपाल नेणाऱ्या ट्रकना थांबून भागत नव्हतं. १९३४ मध्ये कंपनीने ट्रकसाठी एक टायर काढला. त्याचं नाव केलिरेंगास, म्हणजे साधारण ‘हवामानाचा टायर’. बर्फाच्छादित रस्त्यांसाठी मुद्दाम घडवलेला जगातला पहिला टायर म्हणून आज तो ओळखला जातो. त्याच्यावर खोल आडव्या खाचा होत्या. त्या हिमात रुतत, हिम आत दाबून धरत आणि चाक फिरलं की बाहेर फेकत.

इथे एक गंमत आहे. हिमावर सर्वांत चांगलं काय पकडतं? हिमच. दोन मुठी हिम एकमेकांवर दाबलं की गोळा होतो, सुटत नाही. हिवाळी टायरच्या रुंद खाचा हेच करतात. खाचेत भरलेलं हिम रस्त्यावरच्या हिमाला चिकटतं आणि गाडी पुढे सरकते. आपल्याकडे पावसाळ्यात चिखलाने भरलेला टायर म्हणजे संकट, तिथे हिमाने भरलेला टायर म्हणजे आधार.

१९३६ मध्ये याच कंपनीने मोटारगाड्यांसाठी हिवाळी टायर आणला आणि त्याचं नाव ठेवलं लुमी-हाक्कापेलीट्टा. लुमी म्हणजे हिम. हाक्कापेलीट्टा हे स्वीडनच्या गुस्ताव आडॉल्फ राजाच्या फौजेतले फिनिश घोडेस्वार. १६१८ ते १६४८ असं तीस वर्षं चाललेल्या युद्धात ते ‘हाक्का पाल्ले’ अशी आरोळी ठोकत तुटून पडत, म्हणून हे नाव. तो राजा १६३२ मध्ये लढाईत पडला तेव्हा शिवाजी महाराज दोन वर्षांचे होते. एखाद्या मराठी कारखानदाराने घाटात चालणाऱ्या टायरला ‘मावळा’ म्हणावं, तसंच हे झालं. नव्वद वर्षांनंतरही हे नाव बाजारात आहे.

बाकी कहाणी सर्वांना अर्धी माहीत असते. १९६७ मध्ये कागदाची नोकिया, रबर कंपनी आणि केबल कंपनी एकत्र आल्या. केबलवाल्यांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून पुढे फोन निघाले, आणि १९८८ मध्ये टायरचा धंदा वेगळा होऊन ‘नोकियन’ झाला. रबर आणि केबल यांची सोयरीक आपल्याला नवी वाटायला नको. मुंबईत भांडुपला ज्यांचा कारखाना आहे त्या ‘सिएट’चं मूळ इटालियन नाव सांगतं की ती तुरिनची विजेच्या केबल ‘व तत्सम वस्तू’ बनवणारी कंपनी होती. तारेभोवतीचं आवरण रबराचं, चाकाभोवतीचंही रबराचंच.

खिळा

हिमाचा प्रश्न असा सुटला. उरला बर्फ. काचेसारख्या बर्फावर खाचांचा उपयोग नाही, कारण रुतायला काही नाहीच. शिवाय बर्फ सर्वांत निसरडा कडाक्याच्या थंडीत नसतो. उणे २० अंशाला तो कोरडा असतो, रबर त्याला बऱ्यापैकी धरतं. शून्याच्या आसपास मात्र त्याच्यावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, आणि गाडी त्या थरावर तरंगते. म्हणजे जो दिवस हवामानाच्या दृष्टीने ‘बरा’, तोच रस्त्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट.

घोड्यांच्या बाबतीत यावर उत्तर जुनंच होतं. थंड मुलखात हिवाळ्यात घोड्याच्या नालेला टोकदार खिळे बसवत. तेच पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आणि साठीत टायरबाबत झालं. टंगस्टन कार्बाइड या अत्यंत कठीण पदार्थाचं टोक असलेले छोटे स्टड रबरात बसवले गेले. साधं लोखंड डांबरावर काही दिवसांत झिजून गेलं असतं, हे टोक झिजत नव्हतं. नोकियाचा पहिला खिळेवाला टायर, कोमेटा-हाक्कापेलीट्टा, १९६१ मध्ये आला. काही वर्षांत असे टायर उत्तर युरोप, अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये पसरले. लोकांनी ते आनंदाने घेतले. ज्याने कधी चौकातल्या बर्फावर ब्रेक दाबला आहे आणि गाडी तशीच पुढे जाताना अनुभवलं आहे, त्याला त्या आनंदाचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

पण जे टोक झिजत नाही, ते दुसऱ्या कशाला तरी झिजवतं. हिवाळ्यातले सगळे दिवस बर्फाचे नसतात. मोकळ्या डांबरावर प्रत्येक चाक फिरताना डझनावारी खिळे रस्त्याला टोचत होते. रस्त्यांवर दोन समांतर चर पडू लागले. त्यांत पाणी साठलं की उन्हाळ्यात गाड्या त्यावर घसरत. मधले पांढरे पट्टे पुसले जात. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने आणि कॅनडात ऑंटेरिओने १९७१ मध्ये खिळे बंद केले. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये. तिथे मुख्य तक्रार होती रस्त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चाची.

जपानमधली तक्रार वेगळी होती.

सेंडाईचा हिवाळा

सेंडाई हे ईशान्य जपानमधलं, मियागी प्रांताचं मुख्य शहर. झेल्कोवाच्या रांगांमुळे त्याला ‘झाडांचं शहर’ म्हणतात. तिथे हिम पडतं, पण फार नाही. सकाळी रस्त्यावर बर्फाचा पातळ थर, दुपारी कोरडं डांबर, असे तिथले बरेच दिवस. नेमकं हेच घातक ठरलं. ज्या शहरात रस्ता महिनोन् महिने हिमाखाली झाकलेला असतो, तिथे खिळे हिमात रुततात. सेंडाईत ते दिवसभर डांबर दळत होते.

सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात सेंडाईचा हिवाळा धुळीचा झाला. वाळत घातलेले कपडे काळवंडत. दुकानदार दिवसातून अनेकदा दारं पुसत. शाळेत जाणारी मुलं तोंडाला मास्क लावून चालत. ही मातीची धूळ नव्हती. डांबर आणि खडी यांचं ते पीठ होतं, आणि त्यातले बारीक कण थेट फुप्फुसात जाणारे होते. स्थानिक वृत्तपत्रांत वाचकांची पत्रं येऊ लागली. डॉक्टर बोलू लागले. वसंतात हवा कोरडी होऊन वारा सुटला की शहरावर करडा पडदा धरे.

इथे दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणून हा वाद ऐकण्यासारखा आहे. गाडीवाल्याचं म्हणणं: मी पहाटे चढावरच्या रस्त्याने कामाला जातो, मागच्या सीटवर मूल असतं, खिळे काढले आणि गाडी घसरली तर? पायी चालणाऱ्याचं म्हणणं: माझ्याकडे गाडीच नाही, आणि तुमच्या सुरक्षिततेचं पीठ माझ्या नाकात जातं. गाडीवाल्याला फायदा ताबडतोब दिसत होता, एका ब्रेकमध्ये. पादचाऱ्याचं नुकसान हळूहळू, वर्षानुवर्षं होत होतं आणि ते कुठल्या एका गाडीच्या नावावर टाकता येत नव्हतं. शिवाय कुणी एकट्याने खिळे काढले तरी धूळ काही कमी होत नव्हती. फक्त तो एकटा घसरणार होता. अशा ठिकाणी ‘ज्याने त्याने विचार करावा’ या सल्ल्याला काही अर्थ उरत नाही.

१९८५ मध्ये मियागी प्रांताने खिळेवाल्या टायरांविरुद्ध स्थानिक कायदा केला. जपानमधला तो असा पहिला कायदा. दुसरीकडे, नागानो प्रांतातल्या वकिलांनी वेगळी वाट धरली. त्यांनी गाडीवाल्यांशी भांडण मांडलंच नाही. प्रदूषणाचे तंटे सोडवणाऱ्या राष्ट्रीय आयोगापुढे त्यांनी टायर बनवणाऱ्या कंपन्यांनाच उभं केलं. १९८८ मध्ये तडजोड झाली. जपानच्या सात टायर कंपन्यांनी १९९० च्या अखेरीस खिळेवाल्या टायरांचं उत्पादन आणि १९९१ च्या मार्चअखेर त्यांची विक्री थांबवण्याचं मान्य केलं. जून १९९० मध्ये राष्ट्रीय कायदाही आला. त्याच्या नावातच ‘टायरची धूळ’ आहे. ठरवून दिलेल्या भागांत, हिम किंवा बर्फ नसलेल्या डांबरी रस्त्यावर खिळे वापरायचे नाहीत, असं तो सांगतो. रुग्णवाहिका, अग्निशमन अशा गाड्यांना आणि अपंग चालकांना त्यातून सूट आहे. १९९२ पासून दंड सुरू झाला. पुढच्या काही हिवाळ्यांत धूळ झपाट्याने उतरली.

बुडबुडे आणि अक्रोड

कायदा करणं सोपं गेलं, कारण तोवर पर्याय उभा राहत होता. बंदी येणार हे दिसताच कंपन्यांनी खिळ्याशिवाय बर्फ धरणाऱ्या रबरावर जोर लावला होता. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये ब्लिझॅक नावाचा टायर आणला. त्याच्या रबरात सूक्ष्म बुडबुडे होते, जाळीदार ढोकळ्यासारखे. टायर झिजत जाईल तसे नवे बुडबुडे उघडे पडत आणि बर्फावरचा तो पातळ पाण्याचा थर शोषून घेत. पाणी हटलं की रबर थेट बर्फाला टेकतं. टोयो कंपनीने रबरात अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मिसळला. टरफल बर्फाला ओरखडण्याइतकं कठीण, पण डांबराला दळण्याइतकं नाही. कडाक्याच्या थंडीतही लवचीक राहणारी रबरं आणि सिलिका यांची नवी मिश्रणं आली, साइपची नक्षी अधिकाधिक बारीक झाली. अशा टायरांना जपानमध्ये ‘स्टडलेस’ म्हणतात.

या गोष्टीतली कंपन्यांची भूमिका मला रोचक वाटते. ज्यांनी खिळे विकले त्यांनीच खिळ्यांविना टायर बनवले, आणि बनवले ते तारीख ठरल्यामुळे. तंत्रज्ञान आपल्या चालीने आलं असतंच, असं म्हणता येईल. पण १९८८ हे वर्ष तडजोडीचंही आहे आणि ब्लिझॅकचंही, हे विसरू नये.

गोष्ट इथे संपली असती तर शाळेच्या पुस्तकात छान शोभली असती.

आरशाचे रस्ते

उत्तरेला होक्काइदो बेटावर साप्पोरो आहे. वस्ती वीस लाखांच्या घरात आणि दर हिवाळ्यात मिळून जवळपास पाच मीटर हिम. एवढं मोठं शहर आणि एवढं हिम, ही जोडी जगात फार कमी ठिकाणी सापडते. तिथेही खिळे गेले आणि धूळ गेली. मग रस्त्यावर एक नवीनच गोष्ट दिसू लागली.

खिळे जोपर्यंत होते, तोपर्यंत ते रस्त्यावरच्या दाबलेल्या हिमाला सतत ओरखडत, खरबरीत ठेवत. कुणी मुद्दाम केलेलं हे काम नव्हतं, फुकटात होत होतं. स्टडलेस टायर ओरखडत नाहीत, ते घासतात. सिग्नलजवळ शेकडो गाड्या थांबताना आणि निघताना चाकं किंचित घसरतात, वरचा थर वितळतो, पुन्हा गोठतो, पुन्हा घासला जातो. होता होता चौक आरशासारखा गुळगुळीत होतो. जपानी भाषेत गुळगुळीतपणासाठी ‘त्सुरुत्सुरु’ असा नादशब्द आहे, आपल्या ‘गुळगुळीत’सारखाच जोडून येणारा. या रस्त्यांना तेच नाव पडलं.

आणि घसरू लागले ते पायी चालणारे. झेब्रा क्रॉसिंग म्हणजे नेमकी गाड्यांनी घासून चकचकीत केलेली जागा. तिथे पडून हाड मोडल्याने रुग्णवाहिका बोलवावी लागणाऱ्यांची संख्या नव्वदीत वाढली. त्यांत वयस्कर लोक बरेच. ज्या पादचाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी खिळे काढले, त्यांच्याच कंबरेवर आणि मनगटांवर त्याचा हिशोब येऊन बसला. याचा अर्थ बंदी चूक होती असा नाही. शहराची हवा स्वच्छ झाली हे खरंच. पण एका ठिकाणची किंमत काढून घेतली की ती नाहीशी होईलच असं नसतं. बऱ्याचदा ती जागा बदलते, आणि मग ती कुठे गेली हे शोधत बसावं लागतं.

साप्पोरोने ते शोधलं. काही उतारांवर रस्त्याखाली तापवणाऱ्या तारा घातल्या. बर्फ वितळवणारी द्रव्यं टाकली. आणि चौकाचौकांत, सिग्नलच्या खांबाजवळ, वाळूच्या पेट्या ठेवल्या. पेटीत छोट्या पिशव्यांत भरलेली वाळू असते. रस्ता निसरडा वाटला तर कुणीही पिशवी उचलावी, फाडावी आणि चालता चालता पुढे वाळू टाकत जावं. मागून येणाऱ्यालाही ती उपयोगी पडते.

मग टायर कोणता घ्यायचा?

आता निवडीकडे येऊ, कारण पुण्या-मुंबईहून हेलसिंकी, टोरॉंटो किंवा म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्या प्रत्येकाला पहिल्या ऑक्टोबरमध्ये हा प्रश्न पडतो. दर देशाने आपापल्या इतिहासातून वेगळं उत्तर काढलं आहे.

फिनलंडने खिळे ठेवले. तिथे १९७८ पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. खिळे नोव्हेंबर ते मार्च चालतात, पण गाडीच्या स्टडचं वजन १.१ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. पूर्वीचे स्टड याहून बरेच जड असत, आणि जड स्टड वेगात असताना डांबरावर हातोडीसारखा बसतो. २०१३ पासून टायरच्या घेराच्या मीटरमागे ५० पेक्षा जास्त स्टड हवे असतील, तर रस्ता फार झिजत नाही हे चाचणीने सिद्ध करावं लागतं. नॉर्वेत ओस्लोने १९९९ मध्ये शहरात खिळेवाले टायर चालवणाऱ्यांवर शुल्क लावलं. बंदी नाही, पण फुकटही नाही. स्टॉकहोमने २०१० मध्ये हॉर्न्सगाटान या एका रस्त्यावर खिळे बंद केले. क्वेबेकने २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले. जर्मनीत खिळे नाहीत, पण रस्त्यावर हिम-बर्फ असेल तेव्हा हिवाळी टायर हवाच, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूण लागते. ही खूण १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत ठरली आणि ती हिमावरच्या चाचणीनंतरच मिळते. त्याआधीची ‘एम प्लस एस’ ही अक्षरं कंपनी स्वतःच छापू शकते, चाचणी न देता.

म्हणून निवडताना आधी गावाचं तापमान पाहावं लागतं, मग दुकान. जिथे हिवाळाभर शून्याच्या आसपास ओला बर्फ असतो आणि वस्ती विरळ आहे, तिथे खिळ्यांना तोड नाही. जिथे रस्ते बहुतेक मोकळे आणि शहर दाट, तिथे मऊ रबराचे बिनखिळ्यांचे टायर. जिथे थंडी सौम्य, पाऊस जास्त आणि हमरस्त्यावर वेग मोठा, तिथे मध्य युरोपसाठी बनवलेले थोडे कडक हिवाळी टायर. आणि कुठलेही घेतले तरी चारही चाकांना सारखेच. फक्त पुढे हिवाळी टायर लावून पैसे वाचवले, तर वळणावर पुढचा भाग पकडतो आणि मागचा निघून जातो. गोटा झालेला टायर इथेही चालत नाही. फिनलंडमध्ये हिवाळी टायरच्या खाचा किमान ३ मिलिमीटर खोल असाव्या लागतात.

मासिकांमधल्या चाचण्या वाचाव्यात, पण डोळे उघडे ठेवून. २०१६ मध्ये खुद्द नोकियन टायर्सने कबूल केलं की पूर्वी काही चाचण्यांसाठी मासिकांकडे पाठवलेले टायर दुकानात मिळणाऱ्या टायरपेक्षा वेगळे, मुद्दाम सुधारलेले होते. कंपनीने माफी मागितली. घसरू नये म्हणून जग ज्यांच्याकडे बघत होतं, ते तिथे घसरले.

आपल्याकडे खिळ्यांचा प्रश्न नाही. पण रस्त्यावरून जाताना सिमेंटच्या मिक्सरची, खोदकामाची, टायर-ब्रेकची धूळ आपणही गिळतोच, आणि तीही कुणाच्या तरी सोयीची मागे राहिलेली बाजू असते. सेंडाईच्या लोकांनी तिला सोय मानायचं नाकारलं. पत्रं लिहिली, कायदा आणला, आणि कंपन्यांकडून तारीख घेतली. साप्पोरोच्या लोकांनी पुढचा अर्धा भाग उचलला.

डिसेंबरच्या संध्याकाळी साप्पोरोच्या चौकात उभे राहिलात तर हे दिसेल. सिग्नल पडायच्या आधी कुणी तरी पेटी उघडतं, पिशवी काढतं, आणि आपल्यापुढे वाळू टाकत पलीकडे जातं. त्यांच्या मागे तुम्ही त्याच वाळूवरून रस्ता ओलांडता.